सर, रेणूला कसं सांगायचं?

परवा तुमचा दहावा झाला, सर. प्रवरासंगमला. पिंड मांडून माणसं मागं सरकतात न सरकतात तोच कावळा आला, चोच मारली आणि उडून गेला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. तुमचे थोरले भाऊ, आबा, हात जोडून म्हणाले, "सुटला बाबा. त्याचं मागं कायबी ऱ्हायलं न्हाई." मी बायकांत उभी होते. मला हसू आलं, ते दिसू नये म्हणून ओढणी तोंडाला लावली. शेजारच्या बाईला वाटलं मी रडते आहे. तिनं पाठीवरून हात फिरवला आणि मग खरंच रडू आलं.

काही राहिलं नाही म्हणे. तुमचं-माझं निम्मं भांडण अजून राहिलंय. आणि तुम्ही गेलात हे रेणूला कळलंय की नाही, हे परवापर्यंत आमच्यापैकी कुणालाच सांगता येत नव्हतं. काल ते कळलं. कसं कळलं, ते सांगायला बसले आहे. हे आपल्या प्रशिक्षण केंद्राच्या अंकात छापणार आहेत, त्यामुळं तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टीही मधूनमधून सांगाव्या लागतील. तेवढं खपवून घ्या.

रेणूला जन्मापासून दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. आता अकरा वर्षांची आहे. आईबाप पाथर्डीकडचे. दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ते पार उन्हाळ्यात परत येतात. तेवढे महिने रेणू आपल्या वसतिगृहात. आणि आम्ही, म्हणजे अशा मुलांना शिकवायचं कसं हे शिकायला आलेले शिक्षक, पत्र्याच्या त्याच इमारतीत पुढच्या बाजूला. पाहुणे आले की कुणीतरी भाषणात म्हणायचंच, "ही मुलं म्हणजेच तुमची खरी पुस्तकं." तुम्ही माईक हातात आला की पहिलं हे खोडायचात. "पोरं पुस्तक नसतात. पुस्तक मिटून ठेवता येतं."

मी पहिल्या दिवशी आले तेव्हा फाईल छातीशी धरून आले होते. वडील शिंगणापूरला भाविकांचा टेम्पो चालवतात, आई चौथीतून घरी बसलेली. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. हे मी दर चार वाक्यांनी सांगते असं तुम्ही म्हणायचात. खरं आहे, सांगतेच, यापुढंही सांगणार. तुम्ही फाईल उघडलीच नाही. म्हणालात, "हात दाखव." मला वाटलं, हा माणूस ज्योतिष बघतो की काय. तुम्ही दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणालात, "पदवीधर, बांगड्या काढ, नखं काप. मग बोलू." त्या दिवसापासून माझं नावच पदवीधर पडलं. रागवायचं की मिरवायचं हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. मिरवलंच जास्त.

मग तो डोळे बांधायचा तास. कानात कापूस, वरून मफलर. आम्हाला वर्गात लांब लांब बसवलं आणि बराच वेळ काहीच झालं नाही. मी आपली मनातल्या मनात अभंग म्हणत बसले. एकाएकी कुणीतरी माझं मनगट वरून धरलं आणि हात कसल्यातरी गार, चिकट गोळ्यात खुपसला. मी किंचाळले असणार, ते मला ऐकू आलं नाही. पण नखं काढून ओरबाडलं, ते आठवतं. पट्टी सोडली तर समोर तुम्ही. एका हातात भिजवलेल्या कणकेची परात, दुसऱ्या हातावर माझे ओरखडे. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तुम्ही वर्गाकडं वळून म्हणालात, "पदवीधर चिडली. साधी कणीक होती. रोज घरी मळते तीच. मग रेणू मागच्या हप्त्यात सुनीलला चावली, तर तिचं काय चुकलं?"

सुनील कोपऱ्यातून म्हणाला, "सर, मला तर रक्त आलं होतं."

"मला बी आलंय," तुम्ही म्हणालात. "चला, आता दुसरी रीत."

पुन्हा पट्टी बांधली. या वेळी कुणी धरलं नाही. माझ्या हाताशेजारी एक हात येऊन थांबला, नुसता टेकून. मग तो हळू माझ्या तळव्याखाली शिरला. वर माझा हात, खाली तुमचा. तुमचा हात कणकेकडं निघाला तेव्हा माझा त्यावर बसून निघाला. वाटलं तर मला उतरता येत होतं. मी उतरले नाही. कणकेला पहिल्यांदा तुमची बोटं लागली, मग माझी. सर, मी लहानपणापासून कणीक मळते, पण त्या दिवशी कणीक काय असते ते मला कुणीतरी विचारून दाखवलं. मी घरी जाऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "येवढी फी भरून कनीक मळायला शिकवत्यात व्हय?"

आईला घोडेगावच्या बाजाराचं तर मी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर तिनं दुसऱ्या दिवशी माझी वळकटी बांधून घरी नेलं असतं. बाजाराच्या दिवशी तुम्ही आख्खी बॅच जनावरांच्या बाजारात नेलीत. शेण, धूळ, हंबरणं, आणि त्यात आम्ही ओळखपत्रं गळ्यात घालून. मी नाक मुरडून विचारलं, "सर, आमची मुलं म्हणजे काय बैल आहेत का?"

"बैलाकडं कशाला बघतीस?" तुम्ही म्हणालात. "बैलाला कुठं काय बोलायचंय. त्या दोघांकडं बघ."

दोन माणसं समोरासमोर उभी होती. एकाच्या हातावर टॉवेल टाकलेला, आणि त्या टॉवेलाखाली दोघांचे हात. तोंडानं चकार शब्द नाही. एकजण तर भलतीकडंच बघत होता. टॉवेल मधूनच हलायचा, थांबायचा. एकानं मान हलवली, पुन्हा बोटं चालली. शेवटी दोघांनी हात बाहेर काढले आणि बैलाचा कासरा या हातातून त्या हातात गेला. भाव ठरला होता आणि आजूबाजूच्या कुणालाच तो कळला नव्हता.

तुम्ही तुमचा रुमाल काढलात, माझ्या हातावर टाकलात आणि खालून माझी बोटं दाबलीत. आधी दोन, मग मूठ. एक म्हातारा व्यापारी थांबून बघायला लागला. "मास्तर, बैल कुठाय तुमचा?"

"बैल न्हाई, नुसताच येव्हार हाय," तुम्ही म्हणालात. तो म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. मग मला विचारलंत, "काय म्हणालो मी?"

"कळलं नाही सर."

"पण ऐकून घेतलंस. हात सैल सोडला होतास. रेणूजवळ बसतीस तेव्हा तुझा हात बोलायची घाई करतो. असा सैल ठेव."

मी परतताना टेम्पोत तुमच्याशी भांडले. म्हटलं, हे लोकांना कळलं तर काय वाटेल, एखाद्या आईला वाटेल माझ्या लेकरासाठी बैलबाजारातून शिकून आले. तुम्ही म्हणालात, वाटू दे, मी तिलाही बाजारात नेईन. मी म्हटलं, तुम्हाला आमच्या शिक्षणाची लाज वाटते का? तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात. ते भांडण तिथंच राहिलं. मला अजूनही वाटतं सर, टॉवेलाची गोष्ट वर्गातही सांगता आली असती. पण वर्गात सांगितली असती तर मी ती वहीत लिहून घेतली असती आणि विसरले असते, हेही मला माहीत आहे.

तुमच्या केंद्रात परीक्षा सरकारी होती, पण खरा निकाल रेणू लावायची. तुमचा नियमच होता. आपण तिला आपलं नाव शिकवायचं नाही, तिनं आपल्याला ठेवेपर्यंत थांबायचं. तिनं नाव ठेवलं की समजायचं, तिच्या लेखी आपण कुणीतरी आहोत. तुमचं नाव मिशी. ओठाच्या वरून एक बोट आडवं फिरवलं की सर. आईचं नाव तळहातावर नखानं खरवडणं, कारण कोयत्यानं आईच्या तळव्याला घट्टे पडलेत. सुनीलला फार घाई. तो जत्रेतून भलं जाड कडं घालून आला, म्हणजे रेणूच्या हाताला ते लागेल आणि आपलं भारदस्त नाव पडेल. रेणूनं कडं चाचपलं, सोडून दिलं, आणि स्वतःचा हात फ्रॉकला पुसला. तेच त्याचं नाव पडलं. घामेजलेल्या हातांचा म्हणून. तो आता नगरला चांगल्या शाळेत नोकरीला आहे, लग्न झालंय, पण रेणूला भेटायला आला की ती अजून फ्रॉकला हात पुसते आणि सगळं वसतिगृह हसतं.

मला तिनं फार दिवस नाव ठेवलं नाही. मी मनात झुरायचे. आमच्या घरातली पहिली पदवी आणि एका पोरीच्या लेखी माझं नावच नाही. मग एक दिवस मी वाकून तिच्या चपलेचा बंद लावत होते, तिनं माझी वेणी धरली, वरून खालपर्यंत चाचपली आणि एक हिसका दिला. मी वर बघितलं तर तुम्ही दारात उभे. म्हणालात, "झालीस पास."

आणि तो झोका. तो मी कधीच विसरणार नाही. मी नवी होते तेव्हाची गोष्ट. रेणूला तोवर एकही शब्द येत नव्हता, नुसतं ओढणं आणि ढकलणं. तुम्ही तिला झोक्यावर बसवलंत, थोडे झोके दिलेत आणि थांबवलंत. तुमचा हात तिच्या हाताखाली, साखळीपाशी. थांबलात. ती हलली, कुरकुरली, पाय झाडले. तुम्ही थांबलेलेच. उन्हं चढली, स्वयंपाकाच्या मावशी जेवायला बोलवून गेल्या, तुम्ही मान हलवून त्यांना परत पाठवलंत. मला वाटलं, आता हा माणूस कंटाळेल. मला तर बघूनच कंटाळा आला होता. आणि मग तिच्या बोटांनी तुमच्या हातावर थाप मारली. एकदाच. तुम्ही लगेच झोका दिलात. पुन्हा थांबलात. पुन्हा थाप. तिसऱ्या वेळी ती थाप मारून हसायला लागली. आपण हात हलवला की जग हलतं, हे त्या पोरीला कळलं तेव्हा मी पाच हातांवर उभी होते. देवळात जाऊन मला जे कधी वाटलं नाही ते तिथं वाटलं.  तुम्ही मात्र झोक्यावरून तिला उतरवून म्हणालात, "चल, वरण गार झालं असंल."

पुढं माझं शिक्षण संपलं, मी इथंच शिकवायला राहिले, आणि रेणूचे शब्द वाढत गेले. पण एका वेळी एकच. पोळी. पाणी. झोका. आई. कधी दोन जोडून नाही. मी त्याच्या मागं लागले होते. 'आई पोळी', 'सर झोका', रोज तिच्या हातात जोडून द्यायचे. तुम्ही मला थांबवलंत. म्हणालात, "एवढं पुरं आहे तिला. तुझ्या हौसेसाठी तिला दमवू नकोस." मी म्हटलं, एका शब्दानं फक्त मागता येतं सर, सांगता येत नाही. दोन जोडले तर ती आपल्याला बातमी देऊ शकेल, आपल्याला माहीत नसलेली. तुम्ही म्हणालात, "नसंल जमत तिला." मी म्हटलं, "जमेल." आपण दोघंही अडून बसलो. तुम्ही त्या दिवशी माझ्या हातचा चहा घेतला नाहीत. लहान मुलासारखं.

मागच्या बॅचमधल्या एका मुलीनं तुम्हाला वर्गात विचारलं होतं, कुणी मेलं तर अशा मुलाला ते सांगायचं कसं? आम्हाला वाटलं, तुम्ही आता काहीतरी जबरदस्त सांगणार. तुम्ही खडू खाली ठेवलात. "मला न्हाई माहीत," म्हणालात. "मला कुणी शिकवलं न्हाई. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर मला येऊन सांगा." आणि पुढचा धडा सुरू केलात. इतक्या वर्षांचा अनुभव असलेला माणूस चाळीस जणांपुढं मला माहीत नाही असं म्हणतो, हे मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. आमच्या कॉलेजात असं कुणी म्हटलं नव्हतं.

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी रेणूबरोबर पोळ्या लाटत होते. पहिलं तिच्याकडंच बघितलं. ती पीठ चिवडत बसली होती. मी ठरवलं, हिला नेणार. अधीक्षक म्हणाले, पालकांची परवानगी लागेल, आणि लहान मुलीला मयताला नेतं का कुणी? मी तिथल्या तिथं मंदाताईंना, तिच्या आईला, फोन लावला. मागं कोयत्यांचा सपसप आवाज येत होता. मी सांगितलं. त्या बाजूला आल्या, आवाज कमी झाला. मग म्हणाल्या, "न्या बाई तिला. माझी आई गेली तवा मी फडात हुते. माती बी दिसली न्हाई मला. आजून गावाला गेले की वाटतंय, दारात बसली आसंल. पोरीचं तसं नगं व्हायला."

तुमच्या अंगणात आबांनीच अडवलं. "हिला कशाला आनलं? ना दिसत, ना आयकू येत. हिला काय कळनार हाय?"

"कळावं म्हणूनच आणलंय," मी म्हटलं.

"घाबरंल ती. रातच्याला उठून बसंल."

तुमच्याजवळ बसलेल्या काकू, तुमच्या पत्नी, तिथूनच म्हणाल्या, आवाज अजिबात न चढवता, "येऊ द्या भाऊजी. घरात जेवढे बसले न्हाईत तेवढे तिच्याजवळ बसलेत ते. ती काय परकी हाय?" आणि स्वतः सरकून तुमच्या उशाशी जागा केली.

मी रेणूला बसवलं. तिनं आधी तुमची मिशी शोधली. सापडल्यावर ती खूश झाली सर, चेहरा फुलला तिचा, आणि बायकांमध्ये हुंदका उठला. मग तिनं तुमचा हात शोधला. त्यावर आपला हात ठेवून थांबली. एरवी तुमचा हात खालून हलायचा. आज हलला नाही. ती थांबूनच. मग तिनं आपला हात काढला आणि तुमच्या हाताखाली सारला. तुम्ही करायचात तसा. सगळं अंगण बघत होतं. आबासुद्धा. किती वेळ तशी बसली मला सांगता येणार नाही. शेवटी तिनं हात काढून घेतला, बोटं नाकाशी नेऊन हुंगली आणि माझी वेणी ओढली. एवढंच. एकही खूण केली नाही. वसतिगृहात परतताना माझ्या मांडीवर झोपून गेली.

कळलं का तिला? मी केलं ते बरोबर का चूक? सगळे मला विचारायचे आणि मी तुम्हाला विचारायचे. अलीकडं तुम्ही आठवड्यातून एकदाच यायचात, त्या दिवशी ती फाटकापाशी जाऊन नेहमीच्या दगडावर बसली. दिवसभर. जेवायलाही उठेना. अधीक्षकांचं म्हणणं मला न सांगता कळत होतं. मलाही तेच वाटायला लागलं होतं, की मी एका पोरीला प्रेताजवळ नेलं आणि त्यातून तिला काही मिळालं नाही.

आता कालचं सांगते.

सकाळी तिची अंघोळ चालली होती. बंबाचं पाणी, चांगलं कढत, मी विसण घालत होते. तिनं माझी वेणी ओढली. मग ओठावरून बोट फिरवलं. सर. आणि लगेच, मध्ये हात खाली न घेता, दोन्ही मुठी छातीशी घेऊन खांदे थरथरवले. ही तिची खूण तुम्हाला माहीत आहे, थंडीत पाणी निवलं की ती करते. गार.

मी आधी पाण्यातच हात घातला. पाणी कढत होतं, वाफ निघत होती. ती पाण्याबद्दल बोलत नव्हती. तिनं पुन्हा केलं. सर. गार.

जोडलं तिनं, सर. दोन शब्द जोडले, आपले आपण. मी म्हणत होते ना. तुम्ही हरलात. हे मी बाथरूममध्ये बसून मोठ्यानं म्हटलं, तांब्या हातात धरून, आणि तुमच्याशिवाय कुणाला सांगण्यासारखं ते नव्हतं. मी तिच्या तळव्यात मूठ दोनदा हलवली. हो. सर गार.

ती बसून राहिली. अंगाला साबण तसाच. मग तिनं आपला तळहात नखानं खरवडला. आई. आणि मुठी छातीशी नेल्या. आई गार. मग माझ्या हाताखाली आपला हात घालून ती उत्तराची वाट बघत थांबली.

आई दिवाळीपासून आलेली नाही. सर येत नव्हते, ते गार झाले होते. मग आई? एवढा विचार तिनं केला होता, त्या दगडावर बसून, आणि आम्ही समजत होतो की तिला काही कळलं नाही.  मी तिच्या हातावर आडवा हात फिरवला. नाही. तिनं पुन्हा विचारलं. नाही. पुन्हा विचारलं. तिनं माझ्यावर विश्वास का ठेवावा? तुमच्या वेळी तिनं हात लावून बघितलं होतं. आईच्या वेळी नुसतं मी सांगत होते.

मी तिचे ओले केस तसेच टॉवेलात बांधले आणि एसटी धरली. अधीक्षक मागून ओरडले, "परवानगी?" मी म्हटलं, "आईकडंच चाललेय, तिथूनच घेऊन येते." गाडीत रेणू सारखी तेच विचारत होती आणि मी सारखी नाही म्हणत होते. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला.

"पोरीला दिसत न्हाई का?"

"ऐकूपण येत नाही."

"मग मघापासून हातानं येवढं काय बोलताय?"

"भांडतोय."

त्यानं विचार केला आणि आम्हाला पुढची, दाराजवळची जागा दिली.

राहुरीच्या पुढं एका शिवारात त्यांची टोळी होती. फाट्यावरून चालत गेलो. निम्मा फड तुटला होता, बायका मोळ्या बांधत होत्या. मंदाताईंनी लांबूनच ओळखलं. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला फडकं, तशाच पळत आल्या, कोयता वाटेत टाकून. चेहरा पांढराफटक. "काय झालं बाई? पोरीला काय झालं?"

"काही नाही झालं. तिला तुम्हाला बघायचंय. मिठी मारू नका, आधी हात द्या."

त्या खाली बसल्या. पाचटातच. तुम्ही शिकवलेलं त्यांना माझ्याइतकंच येतं. हात पुढं करून थांबल्या. रेणूनं तो हात घेतला आणि दोन्ही हातांनी चाचपायला लागली. तळव्यावरचे घट्टे. उसाची कुसं रुतलेलं मनगट. शर्टाची बाही वर सारून कोपर. मग खांदा, मग गळा. घाम गळत होता मंदाताईंचा, आणि वर ऊन. बाकीच्या बायका मोळ्या सोडून बघत उभ्या राहिल्या. रेणूनं मुठी छातीशी नेल्या आणि अर्ध्यातच थांबली. मुठी उघडल्या. पुढं काय करायचं ते तिला सापडेना. गारच्या उलट सांगायला तिच्याजवळ खूण नव्हती, सर, आपण कधी दिलीच नव्हती.

"काय म्हनती?" मंदाताईंनी मला विचारलं. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण हात हलवला नव्हता.

"तुम्ही गार झालात का म्हणून विचारत होती सकाळपासून."

"मी?" त्या हसल्या, तशाच, रडता रडता. "भर उन्हात ऊस तोडतीय गं बाई, मी कशानं गार हुईन?"

रेणूनं आपला तळवा आईच्या मानेवर ठेवला. ठेवून थोडं बसली. मग दुसऱ्या हातानं हवेत मला शोधलं, वेणी धरून जवळ ओढलं, आपला हात माझ्या हाताखाली घातला आणि हळूहळू, मला उतरायचं तर उतरता येईल इतक्या हळू, माझा हात आईच्या तापलेल्या मानेपर्यंत नेला आणि तिथं ठेवला. मला कळलं की नाही, याची वाट बघत थांबली.